फादर, तुम्हाला ‘तू’ म्हणू दिलंत त्याबद्दल

प्रिय फादर,

स. न. वि. वि.

‘सी वालेस, बेने एस्त, एगो वालेओ.’ तू बरा असशील तर छान, मी बरी आहे. रोमन लोकांच्या पत्रातला हा मायना म्हणजे आपल्या ‘येथील सर्व क्षेम’ची सख्खी बहीण. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाच्या काळीच तो जुनाट झाला होता, हे तुम्हीच सांगितलंत. तरी मला तो एकदा वापरायचाच होता.

लॅटिन म्हणजे विभक्तीचे तक्ते, अशा समजुतीनं मी आले होते. तुम्ही वही उघडूच दिली नाहीत. दारात ‘साल्वे!’, मग ‘क्वोद नोमेन तिबी एस्त?’, मग ‘उंदे वेनिस?’ नाव सांगा, गाव सांगा, मग बसा. 1960 नंतरच्या त्या वर्षांत रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात तुमची व्याख्यानं लॅटिनमध्ये झाली, परदेशी सोबत्यांकडे मीठ मागायलाही तीच भाषा. तक्ते तुम्हाला सुचणार तरी कसे? तुमचा उच्चार चर्चचा, ‘मीकी नोमेन एस्त’, माझं नाव अमुक. प्राचीन उच्चार मानणारे ‘मिहि’ म्हणतात. ‘साल्वे’तला ‘व’ इंग्रजी v सारखा की w सारखा, यावरूनही त्यांचे वाद आहेत. आपल्या ‘व’मध्ये दोन्ही पक्ष मावतात, ही आपली सोय.

अवघड होता तो ‘तू’. जुन्या लॅटिनमध्ये एका माणसाला ‘तू’च, मग मालक असो की गुलाम, ‘वोस’ फक्त अनेकांना. ऐंशी ओलांडलेल्या फादरांना ‘क्विद आगिस?’, तू काय करतोस, असं विचारायला जीभ रेटेना. आदरार्थी बहुवचन केलंस तर मागे कोण उभं आहे ते वळून बघेन, अशी तंबी तुम्ही आधीच दिलेली! ती भीड तुम्ही मोडलीत, त्याचे आभार सगळ्यात जास्त.

आणि रोमन नाटककार टेरेन्सचे. इ.स.पू. 161 मधल्या त्याच्या नाटकात एकजण विचारतो, ‘क्विद आगितुर?’ काय चाललंय? दुसरा म्हणतो, ‘स्तातुर.’ उभं राहणं चाललंय. पहिला म्हणतो, ‘विदेओ.’ दिसतंय. सकाळच्या वसई लोकलमध्ये मैत्रीण ‘काय चाललंय?’ म्हणाली, की मी आता ‘स्तातुर’ म्हणते. तिला अर्थ सांगावाच लागत नाही.

ग्रातिआस तिबी आगो, तुझे आभार मानते, फादर. शनिवारी भाचीलाही आणतेय, तेव्हा एकीचं ‘साल्वे’ नाही, अनेकांचं ‘साल्वेते’ म्हणा. तिला तक्ते पाठ आहेत, तेवढं सांभाळून घ्या.

तुमची विद्यार्थिनी