मंगळवारी कोण येणार?

व्हेनिस

प्रिय सुध्या,

फोनवर सांगायला गेलो असतो तर तू पहिल्याच वाक्याला तोडलं असतंस, म्हणून लिहितोय. आपल्या खानावळीचा तो जुना बेत मी पुन्हा उकरून काढणार आहे. शिव्या शेवटी घाल. तब्येत बरी, गुडघा कुरकुरतोच.

टूरवाल्यांनी इथेही दुपारी पुलाव आणि बटाट्याची भाजी लावली. नंदाला म्हटलं, तू जेव, मी पाय मोकळे करून येतो. (ती अजून बोलत नाहीये.) या गावात मोटार नाही, स्कूटर नाही, चारशेच्या वर पूल, चालायचं नाहीतर होडी. कालव्याकाठाने चुकतमाकत रिआल्तोच्या मासळीबाजारात पोचलो. तिथे भिंतीत संगमरवरी पाटी आहे, कुठला मासा किती लांबीच्या आत विकायचा नाही याची. तारली 7 सेंटिमीटर, ईल 25. आपल्या बंदरावर अशी पाटी लावली तर तुझं निम्मं कालवण बेकायदा ठरेल.

बाजारामागच्या बोळांत बाकारो असतात. आपला गुत्ताच, पण अब्रूदार. काचेआड चिकेत्ती मांडलेली, म्हणजे घास-दोन घासांचे प्रकार. लोक उभ्यानेच खातात, हातात वाइनचा छोटा पेला, की चालले पुढच्या बाकारोत. उभ्याने! नव्वद साली मी काय सांगत होतो? तुला टेबलं हवी होती, वर सनमायका.

एकीकडे कॉड मासा होता, नॉर्वेहून येतो, काठीसारखा वाळलेला. तो दिवसेंदिवस भिजवून, उकडून, तेल सोडत लोण्यासारखा घोटतात. पण मी अडकलो तारलीपाशी. सार्दे इन साओर. तळलेली तारली, वर व्हिनेगरमध्ये मऊ शिजवलेला कांद्याचा ढीग, त्यात बेदाणे आणि चिलगोजे. म्हाताऱ्याने चमच्याने कांदा बाजूला सारला, खालची तारली अख्खी उचलून पावावर ठेवली आणि कांदा पुन्हा तिच्या अंगावर ओढला. कालची होती. मुद्दाम कालची! एक-दोन दिवस मुरल्याशिवाय तिला चवच येत नाही. पूर्वी खलाशी बोटीवर हीच न्यायचे. सुध्या, ‘उरलेल्या मासळीचं काय करणार?’ एवढं विचारून तू उठून गेला होतास, चहाचे पैसेही न देता. घे उत्तर.

आता काळजी. पीएफ हातात येईल. पोरगा म्हणतो म्युच्युअल फंड, नंदा म्हणते पोरासाठी फ्लॅट. त्या दोघांना पटवेन. पण रिआल्तोजवळ एका औषधाच्या दुकानाच्या खिडकीत या शहराच्या रहिवाशांचा आकडा लावलेला असतो. 1951 साली पावणेदोन लाख होते, आता पन्नास हजारसुद्धा नाहीत. घरं पर्यटकांना भाड्याने. ज्यांच्यासाठी बाकारो, तेच उठून गेले. काउंटरपाशी माझ्यासारखेच फोटो काढणारे जास्त.

आणि अलिबाग वेगळं आहे का रे? मांडव्याला मोटारी घेऊन येणारी रो-रो बोट लागली की शनिवारी मुंबई उतरते, रविवारी संध्याकाळी परत. शनिवारचं मला सांगू नकोस, शनिवारी दगड तळून ठेवला तरी खपेल. मंगळवारी कोण येणार? त्यात सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, वर चतुर्थी, एकादशी, अख्खा श्रावण. इथला मासळीबाजार रविवार-सोमवार बंद असतो म्हणून मी हसलो होतो. आपल्याकडे उघडा कधी ठेवायचा ते कॅलेंडर बघून ठरवावं लागेल. पण कोर्टातले कारकून, एसटीचे ड्रायव्हर, कॉलेजातले मास्तर, यांना रोज चार वाजता दोन घास आणि सोलकढी परवडली पाहिजे. तारलीच घेऊ, पापलेटच्या नादी लागायचं नाही. हे जमेल का, एवढंच तुला विचारायचंय. दुसऱ्या कुणाला विचारलं तर इंटिरिअरबद्दल बोलायला लागतात.

चिनूचं लग्न ठरलं म्हणे, छान झालं. वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आटोपलं का? तुझी शुगर तूच जाणे.

स्टँडमागचा तो गाळा अजून बंदच असेल तर शटरवरचा नंबर लिहून घे. फोन मात्र करू नकोस. तू घासाघीस करायला गेलास की भाडं वाढतं.

तुझा,
विन्या