‘किरकोळ कारणावरून’ छापता, त्याखाली दोन ओळी आणखी छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर तळाशी चार ओळींची बातमी होती. जेवण वाढायला उशीर झाला म्हणून नवऱ्याने बायकोच्या डोक्यात पाट घातला, ती रुग्णालयात दाखल. मथळा: ‘किरकोळ कारणावरून पत्नीस मारहाण’. कारण किरकोळ होतं हे वार्ताहराला कोणी सांगितलं? तिने नक्कीच नाही. तिला कोणी विचारलं असतं, तर तिने लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सांगायला सुरुवात केली असती.

मी ग्रामीण रुग्णालयातून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेली परिचारिका आहे. ‘मोरीत घसरले’, ‘जिन्यावरून पडले’, ‘म्हशीने लाथ मारली’ ही उत्तरं मी ड्यूटीवर किती वेळा ऐकली त्याला गणती नाही. मोरीत घसरलेल्या बाईच्या दंडावर चार बोटं उमटत नाहीत, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. तरी आम्ही टाके घालायचो, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचो आणि केसपेपरवर ‘पडून मार’ लिहायचो. नवरा तिथेच उशाशी उभा असायचा. त्याला बाहेर थांबवून मग बाईला विचारायचं असतं, हे मला नोकरीच्या विसाव्या वर्षी एका प्रशिक्षणात कळलं. त्याआधीच्या बायकांचे चेहरे अजून आठवतात.

त्या प्रशिक्षणात ‘दिलासा’बद्दल पहिल्यांदा ऐकलं. मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हे केंद्र उभं केलं, 2000 साली. मार खाल्लेली बाई पोलिसांची पायरी चढायच्या आधी दवाखान्याची चढते, मग समुपदेशक दवाखान्यातच का बसू नये, इतका साधा तो विचार. पोलिसांच्या बाबतीत असंच काम त्याही आधी, 1984 मध्ये, टाटा समाजविज्ञान संस्थेने सुरू केलं होतं. मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष उघडून तिथे समाजकार्यकर्ती बसवली. आज हे कक्ष राज्यातल्या जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. पुण्यात नारी समता मंचाचं ‘बोलते व्हा’ केंद्र, पुरंदर तालुक्यात ‘मासूम’ ही संस्था, मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेची समुपदेशन केंद्रं, कोर्टाच्या कामाला ‘मजलिस’च्या वकील. एवढं सगळं आपल्या राज्यात आहे. पण ही माणसं एकमेकांना ओळखतात, एकमेकींचा फोन उचलतात, यावर बाईचा जीव अवलंबून असतो, हे मला निवृत्तीनंतर शेजारच्या घरामुळे कळलं.

आमच्या आळीतली ती, दोन लेकरांची आई. मला सिस्टरमावशी म्हणते. तिला मी तालुक्याच्या समुपदेशन केंद्रात घेऊन गेले. वाटलं होतं, तिथली ताई म्हणेल, ‘घर सोड’. ताईने तसं काहीच म्हटलं नाही. तिने विचारलं: त्याने कधी गळा दाबलाय का? फवारणीचं औषध घरात कुठे ठेवता? रात्री पळायची वेळ आली तर कुठल्या दाराने निघशील? मग तिने एक पिशवी भरायला सांगितली. आधार कार्ड, रेशन कार्डाची झेरॉक्स, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, दवाखान्याचे सगळे कागद, थोडे पैसे, धाकट्याचा दम्याचा पंप. त्याला दिसणार नाही अशा घरी ठेवायची.

ती पिशवी पाच महिने माझ्या धान्याच्या कोठीमागे होती. दोनदा ती पिशवी घेऊन निघाली आणि दोनदा परत नांदायला गेली. चार लोकांनी बसून मिटवलं, सासऱ्यांनी हमी घेतली, मोठ्याची परीक्षा होती. दुसऱ्यांदा पिशवी माझ्याकडे परत आली तेव्हा मी वैतागून ताईला म्हणाले, ‘हिला सुटायचंच नाही.’ ताई म्हणाली, ‘मावशी, ती दहाव्यांदा आली तरी फोन मी उचलणार.’ तो माणूस बाहेरून कडी लावून जायचा, तिचा मोबाइल फोडायचा, हे ती ताईला सांगत होती. मला, भिंतीपलीकडे राहणारीला, सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी रात्री अकराला मी 112 लावला. ठाण्यात नुसती एन.सी., म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून ‘सकाळी बघू, घरी जा’ म्हणाले. ताईने जिल्ह्याच्या विशेष कक्षातल्या कार्यकर्तीला झोपेतून उठवलं, तिने साहेबांशी बोलणं केलं, आणि तक्रार नीट लिहिली गेली. वैद्यकीय तपासणी झाली. दुसऱ्या दिवशी संरक्षण अधिकारी मॅडमनी, म्हणजे कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांनी, कोर्टासाठी कौटुंबिक घटना अहवाल भरला. इथे त्याचे भाऊबंद सगळीकडे, म्हणून निवाऱ्याची सोय शेजारच्या जिल्ह्यात, दुसऱ्या संस्थेच्या ओळखीने. वकील विधी सेवा समितीतून मिळाली, फुकट. स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे आपल्या किती वाचकांना माहीत आहे?

कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 चा, लागू झाला 26 ऑक्टोबर 2006 ला. पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असं त्यात लिहिलंय. हिला चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत प्रत्येक तारखेला ताई एसटीने तिच्यासोबत जात होती. मुलांचं नाव शाळेत घालणं, डब्याचं काम मिळवून देणं, रात्री ‘परत जाऊ का’ असा फोन आला की तासभर ऐकणं, यातलं काही कायद्यात लिहिलेलं नाही. आणि या काळात ताईचं स्वतःचं मानधन सहा महिने थकलेलं होतं. ते मला तिने नाही, तिच्या मैत्रिणीने सांगितलं. या बायकांना पगार वेळेवर मिळाला पाहिजे. हेही आपल्या पेपराने एकदा विचारावं, संबंधितांना, मोठ्या अक्षरात.

शेवटी तिला त्याच घरात राहायचा आदेश मिळाला. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून तिचा हक्क नाही, असं तोवर सगळी आळी सांगत होती. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्येच स्पष्ट केलंय की सासरच्या नातेवाइकांच्या नावावरचं घरही, ती तिथे नांदत असेल तर, तिचं सामायिक घर, म्हणजे जिथे राहायचा तिला हक्क आहे असं घर, ठरू शकतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आलंय की मारहाण किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या शंभर बायकांपैकी जेमतेम चौदा जणी कोणाकडे तरी मदत मागतात, त्यातही बहुतेक माहेरीच. बाकीच्या बायका आपला पेपर वाचत असतील. पुडीचा कागद म्हणून का होईना, तो त्यांच्या हातात येतो.

म्हणून विनंती. ‘किरकोळ कारणावरून’, ‘घरगुती वादातून’ हे शब्द मथळ्यातून काढा. आणि अशा प्रत्येक बातमीखाली, विवाहितेच्या आत्महत्येच्या बातमीखाली तर नक्कीच, दोन ओळी छापा. पहिल्या ओळीत महिला हेल्पलाइन 181, पोलीस 112 आणि आपल्या जिल्ह्यातल्या विशेष कक्षाचा, समुपदेशन केंद्राचा फोन. दुसरी ओळ शेजाऱ्यांसाठी: कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे कोणीही संरक्षण अधिकाऱ्यांना कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर खटला होत नाही. भिंतीला कान लावून बसलेल्या आमच्यासारख्यांना हे कोणीतरी सांगायला हवं. मला ते माहीत असतं तर मी पाच महिने थांबले नसते.

फोन नंबर छापण्याआधी तो लावून बघा. उचलणारं माणूस आहे ना, एवढी खात्री करा.

पत्र छापलंत तर माझं नाव आणि गाव छापू नये. ती अजून याच आळीत राहते, आणि तोही चार घरं सोडून भावाकडे असतो.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका