बेथून शाळेची गाडी आणि आपली एसटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भिडेवाड्यातली १८४८ ची शाळा आता महाराष्ट्रातल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. पुढच्याच वर्षी, ७ मे १८४९ रोजी, कोलकात्यात मुलींची जी शाळा निघाली आणि आजही सरकारी शाळा म्हणून चालू आहे, त्या बेथून शाळेविषयी मात्र मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. तिची हकिकत आपल्याला आज उपयोगी पडणारी आहे, म्हणून हे पत्र.

ड्रिंकवॉटर बेथून हे गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलातले कायदा सदस्य. दक्षिणारंजन मुखर्जी यांनी दिलेल्या घरात २१ मुलींवर शाळा सुरू झाली. पंडित मदनमोहन तर्कालंकारांनी लोकांचा रोष पत्करून आपल्या दोन मुली तिथे घातल्या. १८५१ मध्ये बेथून वारले, जाताना आपली मालमत्ता शाळेच्या नावे करून गेले. पुढे लॉर्ड डलहौसी पदरचे पैसे घालत राहिले आणि १८५६ मध्ये सरकारने शाळा आपल्याकडे घेतली. व्यवस्थापन समितीचे सचिव होते ईश्वरचंद्र विद्यासागर.

मला सर्वांत मोलाची वाटते ती शाळेची गाडी. मुली रस्त्याने चालत शाळेत जाणार ही कल्पनाच तेव्हाच्या घरांना सहन होणारी नव्हती, म्हणून त्यांना न्यायला-आणायला घोडागाडी ठेवलेली होती. विद्यासागरांनी त्या गाडीवर ‘कन्याप्येवं पालनीया शिक्षणीयातियत्नतः’ हे वचन लिहवून घेतले. मुलीचाही सांभाळ मुलासारखाच करावा आणि तिला कसोशीने शिकवावे, हे भर रस्त्यात सगळ्यांना वाचायला मिळत होते.

शाळेत एक मोठी उणीव होती. प्रवेश फक्त ‘प्रतिष्ठित’ हिंदू घरांतल्या मुलींना. जोतीराव-सावित्रीबाई अस्पृश्य मानलेल्या मुलामुलींना शिकवत होते, तेवढी छाती या शाळेने दाखवली नाही. शिवाय बरीच वर्षे ती लहान मुलींचीच शाळा राहिली. १८७८ मध्ये ब्राह्मो समाजातल्या सुधारकांचे बंग महिला विद्यालय तिच्यात विलीन झाले आणि वरचे वर्ग खऱ्या अर्थाने उभे राहिले. त्याच वर्षी कादंबिनी बसू कोलकाता विद्यापीठाची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्या. त्यांच्या एकटीसाठी सरकारने १८७९ मध्ये कॉलेजचा वर्ग काढला. १८८३ मध्ये त्या आणि चंद्रमुखी बसू पदवीधर झाल्या. आमच्या आनंदीबाई जोशी त्याच वर्षी कोलकात्याहूनच अमेरिकेला निघाल्या, आणि १८८६ मध्ये आनंदीबाई व कादंबिनी दोघीही डॉक्टर झाल्या, हे लिहिताना आजही ऊर भरून येतो.

एका विद्यार्थिनीसाठी वर्ग काढणारे आणि दारापर्यंत गाडी पाठवणारे सरकार परके होते. आज सरकार आपले आहे. मुलींना एसटीचा मोफत पास आहे, मुलींना शाळेत नेणाऱ्या, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या आहेत. दोन्ही योजना उत्तम आहेत. पण सातवी-आठवीनंतर हायस्कूल दुसऱ्या गावी असले आणि संध्याकाळची फेरी रद्द झाली, की पास दप्तरातच राहतो. अशी फेरी चार-पाच वेळा चुकली की घरचे म्हणतात, ‘बस झाली आता शाळा’. शाळेच्या वेळेची फेरी तोट्यात आहे म्हणून बंद करू नये आणि वेळापत्रक मुख्याध्यापकांना विचारून ठरवावे, एवढी माझी मागणी आहे. आपल्या वार्ताहरांनी प्रत्येक तालुक्यातल्या या फेऱ्यांची माहिती छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, यवतमाळ