क्राइस्टचर्चहून आई-बाबांना

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बोलता बोलता आई गप्प झाली, म्हणून सगळं नीट लिहून काढते. विद्यापीठातली नोकरी कायम झाली आणि मी सही केली. आधी विचारायला हवं होतं, कळतं मला. पण विचारलं असतं तर तुम्ही दोघांनी मनावर दगड ठेवून हो म्हटलं असतं.

आई, तू विचारलंस, भूकंपाच्या गावात कशाला राहतेस. इथे दोन मोठे धक्के बसले. 4 सप्टेंबर 2010 ला पहाटे 4:35 चा 7.1 चा होता, पण शहरापासून लांब. 22 फेब्रुवारी 2011 चा त्याहून लहान, पण शहराला खेटून आणि उथळ, आपल्या किल्लारीसारखाच. दुपारी 12:51 ला 185 माणसं गेली. विद्यापीठाचं सत्र नुकतंच सुरू झालं होतं. काही आठवड्यांत गाड्यांच्या तळावर मोठमोठे तंबू ठोकून तासही सुरू झाले. मग विद्यापीठाच्याच डोव्हडेल भागातल्या मोकळ्या जागेत तयार खोल्यांची अख्खी वस्ती उभारली. पोरांनी फावडी घेऊन लोकांच्या अंगणातला गाळ उपसला. धक्क्याने वाळूतलं पाणी दाबलं जातं आणि वाळूसकट वर उसळतं, त्याचा तो गाळ. 2013 मध्ये सरकारने 26 कोटी डॉलरपर्यंत मदत कबूल केली आणि विज्ञान, अभियांत्रिकीच्या इमारती नव्याने उभ्या राहिल्या.

बाबा, आता तुमच्यासाठी. इथे प्रत्येक इमारतीला नव्या इमारतीच्या तुलनेत भूकंपातल्या मजबुतीचे टक्के देतात. 34 च्या खाली म्हणजे धोकादायक. 67 गाठावेत असा अभियंत्यांचा आग्रह असतो. पण सांगाडा टिकला तरी आतलं सामान माणसाला मारतं, आणि माझं काम तेच आहे. ग्रंथालयाची कपाटं माथ्याशी एकमेकांना आणि भिंतीला जखडायची. प्रयोगशाळेतल्या फळ्यांना पुढे पट्टी लावायची, म्हणजे बाटली घसरत नाही. गॅसच्या नळकांड्यांना एक साखळी पुरत नाही. दोन लागतात, एक खालच्या एक-तृतीयांश भागात, एक वरच्या. एकच असली की नळकांडं तिच्याभोवती फिरून निसटतं. छताखालचे आग विझवायचे पाण्याचे नळ आणि लोंबती छतं वेगवेगळी हलतात. नळाचं तोंड छताला अडकून तुटतं आणि कोरडी, धड इमारत पाण्याने निकामी होते.

जिन्याचं तर फार जपावं लागतं. उंच इमारतीचे मजले एकमेकांवर सरकतात, म्हणून जिना वर पक्का आणि खाली मोकळा, सरकता ठेवतात. त्या फटीत कुणी सिमेंट भरलं की जिना टेकू होऊन बसतो, दबतो, वाकतो आणि इमारत उलट बाजूला झुकली की बैठकीवरून सुटतो. शहरातल्या एका उंच इमारतीत जिने असेच कोसळले. त्यामुळे बोटभर फटीत बॅटरी मारून बघायची, आत खडा तरी अडकलाय का. मला हे काम मनापासून आवडतं, बाबा.

शहरात विद्यापीठाचं जुनं दगडी आवार आहे, शास्त्रज्ञ रदरफर्ड शिकला ते. तिथला वेधशाळेचा मनोरा 2011 ला कोसळला. ढिगाऱ्यातून दुर्बीण काढली तर तिचं भिंग शाबूत. ती दुरुस्त करून पुन्हा बसवली. दगडी भिंतींना आतून काँक्रीट आणि पोलादाचा आधार दिला. ते बघताना आपला वाडाच आठवतो, आणि लिंबाखाली आजीच्या बाजेवर तिच्या कुशीत झोपायचे ते.

माझी काळजी करू नका. घर बैठं, लाकडी सांगाड्याचं, वर हलका पत्रा. थंडीला हीटर आहे. ज्वारीचं पीठ मिळतं, भाकरी अजून आईसारखी फुगत नाही. माणशी दिवसाला तीन लिटर धरून पाणी भरून ठेवलेलं असतं. इथल्या सदर्न आल्प्स डोंगरातला मोठा भूकंप कधीतरी येणार, हे तुमच्यापासून लपवत नाही. त्याचीच तयारी आम्ही करतोय.

आता तुमचं. बाबा, यंदा पावसाआधी माळवदावर नवी माती टाकायची नाही. बारा बाय पंधराच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे 360 घनफूट. घनफुटाला 45 किलो धरले तरी सोळा टन, आणि ओली झाली की आणखी. आधी जुनी खरवडून आठ इंचांवर आणा, मग पाणी मुरू नये म्हणून वर ताडपत्रीचा थर. तुम्ही स्वतः वर चढायचं नाही, गडी लावा. पैसे मी पाठवलेत, ते बँकेत ठेवू नका.

भिंतीचं काम दिवाळीआधी. आपली भिंत म्हणजे दोन पदर आणि मध्ये भराव, हादऱ्याने पदर सुटतात. तीन-तीन फुटांवर, वरखाली चुकवत, आरपार भोक, त्यात दोन्हीकडे आकडा वळवलेली सळई, आणि काँक्रीट. दगड पहारीने हळू हलवून काढायचा. घण मारला तर शेजारचे दगडही ढिले होतात. नंतर दहा दिवस पाणी मारा.

आई, पलंगावरच्या फळीवरचे पितळी हंडे आजच खाली उतरव, दादाला सांग. उशाशी चपला आणि बॅटरी असू दे, अंधारात काचेवर पाय पडतो. बीपीची गोळी जेवणाआधीची आहे, नंतरची नाही. चिडू नकोस माझ्यावर.

डिसेंबरमध्ये महिनाभर येते. तोवर मिस्त्री आला की पहिलं भोक पाडण्याआधी मला व्हिडिओ कॉल लावा आणि फोन भिंतीसमोर धरा. इथे रात्र असली तरी चालेल.

तुमची,
छकुली