सोसायटीच्या हेजला खालून टक्कल का पडतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मे संपत आला की मुंबईतल्या सोसायट्यांना गटारं, ताडपत्र्या, गच्चीचं वॉटरप्रूफिंग सगळं आठवतं, पण कंपाउंडच्या हिरव्या कुंपणाची आठवण कोणाला होत नाही, आणि त्याचं काम करायचा टाइम नेमका हाच असतो म्हणून हे पत्र. आमच्या मुलुंडमध्ये कुठल्याही गल्लीत बघा, हेज वरून टेबलासारखी सपाट आणि खाली गुडघ्यापर्यंत नुसत्या काटक्या, पलीकडची स्कूटर आरपार दिसते. मग मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं झाडंच खराब निघाली, काढून टाका, आणि ग्रिलला ती प्लास्टिकच्या पानांची चटई ठोकतात जी उन्हाने फिकी पडून तिचा चुरा गळायला लागतो.

झाडं खराब नसतात हो, कापणी चुकते. माळीकामाचा माणूस येतो, मशीन फिरवतो, वरचा भाग रुंद राहतो आणि तळ आत जातो, म्हणजे वरच्या पानांची सावली खालच्या फांद्यांवर, आणि ऊन नाही तिथे पान धरत नाही. पाहिजे उलटं, तळ रुंद आणि वर जाताना थोडी निमुळती. आणि नवीन रोपं लावली की सगळ्यांना वाटतं आधी छातीएवढी होऊदे मग कापू, तिथेच सगळं बिघडतं, कारण शेंडा आहे तोवर झाड वरच पळतं, शेंडा खुडला की बाजूचे डोळे, म्हणजे कोंब, फुटतात. रोपाने जीव धरला की शेंडे खुडायचे, नवी फूट वीतभर झाली की ती परत निम्मी कापायची, पहिली दोन वर्षं हेच. उंचीची घाई करणाऱ्यांना हे पटत नाही, माहितीये.

मलबार हिलच्या हँगिंग गार्डनमध्ये झुडपांचे प्राणी आपण सगळ्यांनी लहानपणी बघितलेत. १८८१ची बाग, खाली पाण्याची टाकी आणि वर माती, तरी ती झुडपं भरगच्च, कारण कातरणारे हात सतत थोडं थोडं कातरत असतात. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या स्लॅबवर, काही जगत नाही म्हणणाऱ्या टॉवरवाल्यांनी एकदा जाऊन यावं.

मातीचं म्हणाल तर कंपाउंडच्या कडेला माती नसतेच, बिल्डरचं डेब्रिज असतं. दीड फूट चर खणा, डेब्रिज काढा, लाल माती आणि कुजलेलं शेणखत भरा, पाणी निघायला वाट ठेवा नाहीतर जुलैत मुळं कुजणार. रोपं साधारण फूटभर अंतरावर, जाड भिंत पाहिजे तर दोन ओळी, पण एकीच्या फटीसमोर दुसरीचं रोप. पेव्हर ब्लॉक खोडापर्यंत आणू नका प्लीज.

आणि सगळीकडे तो पिवळ्या पानांचा दुरांताच का? दोन बिल्डिंगच्या मधल्या सावलीत त्याचा पिवळा रंगही जातो आणि तो विरळही होतो, शिवाय त्याची फळं विषारी, लहान मुलं असतील तर विचार करा. जुन्या बंगल्यांना कोयनेल किंवा मेंदी असायची. कोयनेल खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाही, वरळी-वर्सोव्यासारख्या ठिकाणी तीच बरी. थोडी सावली असेल तर कामिनी, म्हणजे आपली कुंती, कढीपत्त्याच्या नात्यातली, बारा महिने हिरवी आणि फुलली की वास जिन्यापर्यंत येतो. ती हळू वाढते हे खरं. मला विचाराल तर तीच लावा. जिथे कोणी आत शिरू नये असं वाटतं तिथे करवंद, काट्यांमुळे वॉचमनचं अर्धं काम होतं.

टक्कल पडलेली जुनी हेजही लगेच उपटू नका. कोयनेल, मेंदी, दुरांता पहिले दोन-तीन पाऊस झाले की जमिनीपासून फूटभर ठेवून छाटली तर खालून परत फुटतात, दिसायला महिनाभर भयंकर दिसेल तेवढं सोसायचं. फक्त कापायच्या आधी आत डोकावून बघा, बुलबुल आणि शिंपी पक्षी अशाच झुडपात घरटं करतात, असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबा.

कमिट्यांना एकच विनंती, यंदा माळीकामाचं कॉन्ट्रॅक्ट देताना नुसता महिन्याचा रेट बघू नका, तळ रुंद ठेवून कापायचं हे त्यात लिहून घ्या आणि पहिल्या कापणीला कोणीतरी खाली उतरून उभे राहा.

कळावे,
एक वाचक, मुलुंड (पूर्व)