तिचा प्रयोग बघायला जा

सोलापूर

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तुला हवी होती ती भूमिका दुसरीला मिळाली, आणि परवा फोनवर म्हणालीस, "तिचा प्रयोग बघायला मी नाही जाणार, पोटात दुखेल." दुखू दे की. जा मात्र.

माझी मिसेस काशीकर तुला फोटोतून ठाऊक आहे. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' आम्ही राज्य नाट्य स्पर्धेसाठी बसवलं, तेव्हा माझा डोळा बेणारेवर, म्हणजे नायिकेच्या भूमिकेवर होता. 1967 साली सुलभा देशपांडेंनी पहिल्यांदा केलेली बेणारे! वाचन सुरू व्हायच्या आधीच माझं तिचं स्वगत पाठ. भूमिका गेली दुसरीला, आणि माझ्या वाट्याला काशीकरीणबाई.

खरी गोची शेवटच्या अंकात. नाटकातलं खोटं कोर्ट आरोपी बेणारेला बोलायला दहा सेकंद देतं आणि तेवढ्यात तिचं ते लांबलचक स्वगत. बाकीची पात्रं जागच्या जागी गोठलेली. हुतात्मा स्मृती मंदिरात स्पॉट तिच्यावर, मी अंधारात. मान वळवायची सोय नाही, आणि कानावर 'माझी' वाक्यं तिच्या आवाजात. मी जीभ टाळ्याला दाबून धरायची, नाहीतर ओठ हलले असते. मत्सरच तो, त्याला दुसरं गोंडस नाव कशाला द्यायचं?

पण तालमींत रोज ऐकून ऐकून लक्षात आलं, मी जिथे आवाज चढवला असता तिथे ती खाली आणायची. एका वाक्यानंतर तर इतकी थांबायची की विंगेतला प्रॉम्प्टर घाबरून पुटपुटायला लागायचा. ते थांबणं मला सात जन्मांत सुचलं नसतं. मग हेवा भूमिकेचा राहिला नाही, त्या थांबण्याचा वाटायला लागला. कमी नाही झाला हं, वाढलाच. पण हा कामाचा निघाला. पुढच्या नाटकात मी ते थांबणं सरळ उचललं.

तुझ्या बाबांना विचार, 'नटसम्राट' कुणाचा? दत्ता भटांचा, म्हणतील. मी म्हणणार, 1970 साली डॉ. लागूंनी उभा केला तो. सतीश दुभाषींचं नाव निघालं की आमटी गार. कुठल्याच भूमिकेचा सातबारा एकाच्या नावावर नसतो, बाळा. तुझ्याही नाही, तिच्याही नाही.

तर रविवारी जा. पुढच्या रांगेत बसू नकोस, तिला दिसशील. मधे बस आणि दुसरा बोलत असताना तिचे हात काय करतात ते बघ. आवडलं तर आत जाऊन सांग. नाही आवडलं तर सरळ चहाला जा. खोटं कौतुक नटाला लगेच कळतं.

शेंगाचटणीची दोन पाकिटं पाठवली आहेत. दुसरं तुझ्या रूममेटला. तिला नाही, एवढंही मन मोठं करायला नको.

तुझी,
आई