तड्याच्या टोकाशी लिहिलेली तारीख

(रस्त्याच्या कामाने घरांचं झालेलं नुकसान पाहायला आलेल्या कनिष्ठ अभियंता मॅडमना खुलं पत्र)

मॅडम, स.न.वि.वि.

भरपाई मंजूर झाल्याचं पत्र हातात पडलं. मागितली होती त्याहून रक्कम कमी आहे, पण जेवढी रास्त होती तेवढी पुरेपूर आहे. खात्याला रीतसर आभाराचं पत्र गेलंच आहे. हे पत्र तुम्हाला, आणि तेही मुख्यतः तुमच्या पेन्सिलीबद्दल.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका खाली उतरलेला तो तडा जिथे संपत होता, तिथे त्याला आडवी, बोटाच्या पेराएवढी रेघ तुम्ही मारलीत. शेजारी तारीख, वेळ आणि सहीची आद्याक्षरं. मग तड्याच्या दोन्ही अंगांना एकेक बारीक फुली, बरोबर १०० मिलिमीटर अंतरावर. एकूण दोन मिनिटंही लागली नसतील. मार्कर पुढे केला तेव्हा ‘नको, तो ओलीने फुटतो, पेन्सिलच बरी’ एवढंच म्हणालात.

अशा दाव्यांचं घोडं अडतं ते एकाच प्रश्नावर: तडा केव्हाचा? तडा आहे हे कुणीच नाकारत नाही. फोटो शंभर असतात, पण ते बहुतेक तडा पडून गेल्यावरचे. त्यात तिरपा कोन, शेजारी पट्टी नाही, आणि चॅटवरून फिरून आलेल्या फोटोत काढल्याच्या वेळेची आतली नोंदही उरत नाही. अशा फोटोवरून तडा दिसतो, वाढतोय की निपचित पडलाय हे कळत नाही. तुमची रेघ नेमकं तेच सांगत होती. पुढच्या खेपेला टोक रेघेच्या चार बोटं पलीकडे गेलेलं होतं, फुल्यांमधलं अंतर दीड मिलिमीटरने वाढलेलं होतं. तुम्ही दुसरी रेघ मारलीत, मग तिसरी. घरासमोर पाइपसाठी खोदलेला चर उघडा होता तोवर टोक सरकत राहिलं; चर भरून, थराथराने दाबून झाल्यावर थांबलं. रेघांच्या तारखा कामाच्या रोजनिशीशेजारी ठेवल्या आणि वाद तिथेच मिटला. फुल्यांमधल्या अंतराची वाचनं दर वेळी सकाळी त्याच सुमाराला घेतलीत हेही मोलाचं, कारण उन्हाने भिंत तापते आणि तडा दिवसभरात थोडा उघडझाप करतो. ती उघडझाप धरूनच कंत्राटदाराच्या माणसाने आक्षेप घ्यायचं ठरवलं होतं. त्याला जागाच राहिली नाही.

तुमच्या आधी दोघे येऊन गेले होते. एकांनी हेल्मेटही न काढता दारातूनच भिंत पाहिली. दुसऱ्यांनी शेऱ्यात तीन शब्द लिहिले: ‘बांधकाम जुने आहे.’ जुनं आहे हे मान्यच. पण शेजारचं घर नाजूक असेल तर खोदणाऱ्याने जास्त जपून खोदायचं असतं, नाजूकपणाच्या नावाखाली हात वर करायचे नसतात. त्यानंतर कंत्राटदार म्हणे खात्याला विचारा, खातं म्हणे पाइप टाकणाऱ्यांना विचारा, आणि पाइपवाले म्हणे आमचं काम तर संपलं. या टोलवाटोलवीत महिने जातात, आणि तेवढ्यात एखादा वैतागलेला घरमालक तडा बुजवून रंग मारून टाकतो. पुरावा गिलाव्याखाली जातो आणि दावाही.

नुसत्या हादऱ्यावरून रोलरला दोष देऊ नका, हे तुमचं म्हणणं सुरुवातीला कुणालाच रुचलं नव्हतं. फळीवरची भांडी वाजली, म्हणजे रोलरनेच भिंत फोडली, असा सगळ्यांचा ग्रह. पण माणसाच्या तळपायाला सेकंदाला १ मिलिमीटर वेगाच्याही खालचं कंपन चांगलं जाणवतं. घराला इजा होण्याची पातळी बरीच वर असते. जर्मनीच्या डीआयएन ४१५० या मानकाच्या तिसऱ्या भागात, कंपनं १० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला दहा हेलकाव्यांच्या, आतली असतील तर पायाशी मोजलेली मर्यादा राहत्या घरासाठी सेकंदाला ५ मिलिमीटर आणि जपणुकीच्या नाजूक इमारतीसाठी ३ मिलिमीटर धरली आहे. कंपनं जलद असतील तर ही मर्यादा वाढते. कंपनमापक न लावता ‘रोलरने झालं’ असं अर्जात ठोकून दिलं असतं, तर समोरच्या तज्ज्ञाने पहिल्याच बैठकीत तो मुद्दा उडवला असता आणि बाकीचे खरे मुद्देही त्याच्यासोबत वाहून गेले असते. तरी रोलरवाल्याला तुम्ही मोकळं सोडलं नाहीत. घरांजवळ कंपन बंद ठेवून पातळ थरांत दाबायचं, आणि थांबताना, दिशा बदलताना कंपन आधी बंद करायचं, हे त्याला उभ्या उभ्या समजावलंत. कंपन चालू होताना आणि थांबताना यंत्र जमिनीला सर्वांत जास्त हलवून सोडतं, हे चालवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

खरा गुन्हेगार चर निघाला. पायाच्या तळाच्या बाहेरच्या कडेपासून ४५ अंशांत खाली बाहेर जाणारी रेघ धरायची. खोदकाम त्या रेघेखाली उतरलं की पायाखालच्या मातीचा टेकू सुटायला लागतो. पाया १ मीटर खोल आणि चर अडीच मीटर खोल, तर पायाच्या त्या कडेपासून दीड मीटरच्या आतला चर धोक्याचा. इथे चर त्याच्या बराच आत होता, आणि बाजूंना फळ्या-टेकूही नव्हते. शिवाय पाणी उपसणारा पंप रात्रंदिवस चालू. त्या पंपाचं पाणी बाटलीत भरून तुम्ही खिडकीत ठेवलंत. तासाभराने तळाशी बोटभर गाळ बसला. स्वच्छ पाणी उपसलं तरी माती थोडीफार बसते, पण गढूळ पाणी म्हणजे पायाखालची बारीक रेती बादलीबादलीने बाहेर चाललीय. तडा वर रुंद आणि खाली निमुळता होता, म्हणजे घराचा रस्त्याकडचा कोपरा खचला होता. मधला भाग खचला असता तर तो खाली रुंद झाला असता. सगळं एकमेकांना दुजोरा देत गेलं.

आणि आता ते, ज्यामुळे तुमचा अहवाल कुणालाच खोडता आला नाही. यादीतल्या तड्यांपैकी काही तडे तुम्ही ‘जुने’ म्हणून काट मारून वगळलेत. तेव्हा राग आला होता, हे मोकळेपणाने सांगायला हवं. पण तुम्ही भिंगातून दाखवलंत: आत शेवटच्या रंगाचा ओघळ उतरलेला, कडा झिजून गोल झालेल्या, फटीत धूळ आणि कोळ्याचं जाळं. ताज्या तड्याच्या कडा धारदार असतात, आतला गिलावा उजळ दिसतो. रंग तड्याच्या आत गेलाय म्हणजे तडा रंगकामाच्या आधीचा, यावर वाद घालायला काही उरत नाही. स्लॅबखालून सरळ आडवी जाणारी भेगही तुम्ही काढलीत. ती उन्हाच्या प्रसरणाची असते, खचण्याची नसते. खोटे तडे यादीतून गेले आणि उरलेल्यांना वजन आलं. कंत्राटदाराच्या विमा कंपनीचा पाहणी करणारा आला तेव्हा त्याने आधी जुने तडेच शोधायला सुरुवात केली. ते सगळे ‘जुने’ म्हणून आधीच नोंदलेले पाहून त्याने वही मिटली.

मागणीचंही तसंच. ठिगळ दिसतं म्हणून तडा असलेली भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवायचा खर्च मागा, पण घरभराचा रंग मागू नका, असं तुम्ही बजावलंत. मोडक्या जुन्या दाराच्या जागी नवं दार बसलं तर वापराची घट वजा होणार, हे आधीच लिहून द्या म्हणालात. टेकू लावल्याचं आणि ताडपत्रीचं बिल वेगळं ठेवायला लावलंत, कारण नुकसान वाढू नये म्हणून केलेला खर्च हा भरपाईत धरला जातो आणि वाढू दिलेलं नुकसान कापलं जातं. दुरुस्ती मात्र वाचनं सलग काही वेळा जागेवर थांबेपर्यंत करायची नाही. चालत्या तड्यात भरलेला मसाला पुन्हा फुटतो, मग तोही खर्च आपलाच. कंत्राटदाराची सुरक्षा ठेव दोषदायित्वाचा कालावधी (कामातल्या दोषांची जबाबदारी त्याच्यावर असते तो काळ) संपल्यावर परत जाते, तेव्हा लेखी तक्रार त्याच्या आत आवकजावक क्रमांकासह पोचली पाहिजे, हे तुमच्याच तोंडून कळलं. खरं तर हे सांगणं तुमच्या खात्याच्या सोयीचं नव्हतं.

पलीकडच्या गल्लीतल्या घरांचं दुखणं वेगळं आहे, रस्त्याची पातळी जोत्याच्या वर गेल्याने पाणी उंबऱ्याच्या आत येतंय. तिथे तुम्ही जुना थर खरवडून न काढता त्यावरच नवा थर चढवल्याची नोंद केलीत आणि दाराच्या चौकटीपासून रस्त्याच्या मध्यापर्यंत पाणसळ लावून फरक लिहून ठेवलात. ते प्रकरण अजून चालू आहे. तुमची बदली झाल्याचं कळलं, तेव्हा तिथल्या लोकांचा चेहरा पाहण्यासारखा होता. नव्या साहेबांकडे तुमच्या नोंदीची प्रत दिली आहे. त्यांनी ती वाचली की नाही, ते त्यांच्या पहिल्या शेऱ्यावरून कळेल.

सरळ माणूस म्हटलं की आपल्याला आपल्या बाजूने बोलणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. तुम्ही कुणाच्याच बाजूने बोलला नाहीत. जे दिसलं ते, ज्या दिवशी दिसलं त्या दिवशी, भिंतीवरच लिहिलंत, म्हणजे ते आम्हालाही बदलता येणार नाही आणि तुमच्या वरिष्ठांनाही. मागितलं असतं तर कदाचित कुणीही लिहून दिलं असतं. तुम्ही न मागता लिहिलंत, आणि आद्याक्षरं टाकून त्याची जबाबदारीही घेतलीत. आधीच्या दोघांच्या खिशातही पेन होतं.

पुढच्या आठवड्यात भिंतीचं काम सुरू होतंय. मुख्य तडा ५ मिलिमीटरच्या पुढे गेल्यामुळे नुसतं बुजवून चालणार नाही, फुटलेल्या विटा काढून नव्या सांधून घ्याव्या लागतील; बाकीचे केसाएवढे तडे खरवडून भरले की पुरे. तुमच्या तिन्ही रेघा त्यात जातील. गिलावा काढण्याआधी पट्टी लावून, समोरून सरळ, त्यांचे फोटो काढले आहेत. मूळ फाइली जपून ठेवल्या आहेत आणि छापील प्रती या पत्रासोबत जोडल्या आहेत. तिसऱ्या फोटोत तारखेतला शेवटचा अंक जरा पुसट आलाय, तेवढा सांभाळून घ्या.

आपले,
रस्त्याकडच्या ओळीतले रहिवासी